स्नायू आखडतो कसा आणि सुटतो कसा : स्वतःच्या शरीरावर करून पाहण्याचे प्रयोग

लहानपणी कुणी ना कुणी म्हणालेलं असतं, "दाखव बरं बेटकुळी!" मग बाही वर सरकवून, मूठ आवळून, हात कोपरात दुमडून दंडावरचा गोळा आपण मोठ्या ऐटीत दाखवलेला असतो. बेटकुळी म्हणजे बेडकुळी, छोटा बेडूक. कातडीखाली बेडूक बसल्यासारखा दिसतो म्हणून हा शब्द. रोमन लोकांना त्याच जागी उंदीर दिसला. इंग्रजीतला 'मसल' हा शब्द लॅटिनमधल्या 'छोटा उंदीर' या शब्दावरून आलाय. मला आपला बेडूक जास्त पटतो, कारण स्नायूंविषयी विज्ञानाला जे कळलं त्यातलं बरंचसं बेडकाच्याच पायातून आणि हृदयातून कळलं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस विचारतो, "ताकद कशी वाढेल?" स्नायू सुटतो कसा, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. स्नायूचं अर्धं काम आखडण्यात असतं आणि अर्धं सुटण्यात. सुटायलाही शक्ती खर्च होते आणि ते बिघडलं की दुखणी सुरू होतात. शरीरातल्या तीन प्रकारच्या स्नायूंमधला खरा फरकसुद्धा कोण किती लवकर सुटतो, यावरून चटकन समजतो. हा लेख अकरावी-बारावीच्या मुलांना अभ्यासाला उपयोगी पडेल, पण मी तो घरातल्या सगळ्यांसाठी लिहितेय. नुसता वाचू नका, करत करत वाचा.

आधी थोडी तयारी

हात नसलेली एक भक्कम खुर्ची, एक टेबल, मोकळी भिंत, अर्धी भरलेली बादली, मोबाइलचा टॉर्च, सेकंदकाटा असलेलं घड्याळ आणि घरातलं एक माणूस, एवढं पुरे. एखादी संध्याकाळ काढा. हृदयविकार असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल किंवा गुडघा वा पाठ नुकतीच धरली असेल, तर बादलीचा आणि भिंतीचा प्रयोग सोडून द्या. बाकीचे करायला हरकत नाही.

शाळेच्या पुस्तकातलं वर्गीकरण एकदा आठवून घेऊ. हाडांना जोडलेले ते पट्टकी स्नायू. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्यावर आडवे पट्टे दिसतात. असे ६०० हून अधिक स्नायू आपल्याला असतात आणि प्रौढ माणसाच्या वजनाचा सुमारे ४० टक्के भाग त्यांचाच. आतडी, रक्तवाहिन्या, श्वासनलिका, मूत्राशय, गर्भाशय यांच्या भिंतींत असतात ते अपट्टकी, म्हणजे पट्टे नसलेले. तिसरा हृदयस्नायू. त्याच्यावर पट्टे असतात, पण तो आपल्या हुकमात नसतो.

पट्टकी ते ऐच्छिक आणि उरलेले अनैच्छिक, असं पाठ करायची पद्धत आहे. परीक्षेपुरतं ते चालतं, पण शरीर इतकं काटेकोर वागत नाही. श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला पडदा, हा पट्टकी स्नायू आहे, तरी तो झोपेत आपला आपण चालतो आणि उचकी लागली की आपलं अजिबात ऐकत नाही. डोळ्याची पापणी फडफडते तोही पट्टकी स्नायूच. माणसं त्यात शकुन-अपशकुन शोधतात. बहुतेक वेळा जागरण, थकवा किंवा जास्तीचा चहा-कॉफी एवढंच कारण असतं. थंडीत तर दोन्ही प्रकार एकदम दिसतात. आपण कुडकुडतो ते पट्टकी स्नायूंमुळे, अंगावर काटा येतो तो केसांच्या मुळाशी असलेल्या इवल्याशा अपट्टकी स्नायूंमुळे.

पायरी १ : बेटकुळी चाचपा

टेबलाशी बसा. उजवा तळहात टेबलाच्या खालून लावून वर ढकला आणि डाव्या हाताने उजवा दंड चाचपा. पुढचा भाग टणक लागेल, मागचा मऊ. आता तळहात टेबलावर ठेवून खाली दाबा. आता दंडाची मागची बाजू टणक होईल आणि बेटकुळी मऊ पडेल.

दोन्ही वेळा तुम्ही टेबल ढकललंत, पण आत दोन्ही वेळा स्नायूने हाड ओढलं. स्नायूला ओढणं एवढंच येतं. ढकलायचं झालं तर हाडाच्या पलीकडच्या बाजूचा दुसरा स्नायू ओढतो. म्हणूनच हातापायाचे स्नायू जोडीने असतात आणि एक ओढताना दुसऱ्याला सुटावं लागतं. दुसरा सुटला नाही तर हात जागचा हलत नाही.

याच जागी आणखी एक गंमत करून पाहा. कोपर काटकोनात ठेवा, तळहात जमिनीकडे. आता स्क्रू आवळल्यासारखा तळहात छताकडे फिरवा. बेटकुळी टुणकन वर येईल. दंडाचा हा स्नायू कोपराच्या पुढच्या ज्या हाडाला जोडलेला आहे, तेच हाड मनगट फिरवताना फिरतं. उजव्या हाताने स्क्रू सोडवण्यापेक्षा आवळायला जोर जास्त मिळतो, तो याचमुळे.

पायरी २ : स्नायूचा आवाज ऐका

शांत खोलीत बसा. दोन्ही अंगठे कानांत हलकेच घाला, कोपरं वर उचला आणि मुठी आवळा. दूरवरून ट्रक जात असल्यासारखी खोल घरघर ऐकू येईल. मूठ जितकी घट्ट, तितका आवाज मोठा. विल्यम वोलस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८१० मध्ये या आवाजाविषयी लिहिलं होतं.

आपल्याला वाटतं, मूठ आवळली की स्नायू एकसंध ताठ होऊन बसतो. आवाज वेगळंच सांगतो. आत हजारो तंतू तुटक झटके देत असतात. मेरुरज्जूतून, म्हणजे पाठीच्या कण्यातल्या चेतांच्या दोरातून, निघालेली एक चेतापेशी काही तंतूंना मिळून हुकूम देते. या टोळीला आपण पथक म्हणू. डोळा फिरवणाऱ्या स्नायूत एका पथकात दहाएक तंतू असतात, पोटरीत हजारांच्या वर. म्हणून डोळा केसभरही अचूक हलतो आणि पोटरी अख्खं शरीर उचलते. एका हुकमाला तंतू एकच झटका देतो. तो शिखराला पोहोचायला चपळ तंतूला ७-८ मिलिसेकंद लागतात, संथ तंतूला १०० च्या आसपास. पहिला झटका ओसरण्याआधी दुसरा, मग तिसरा हुकूम आला की झटके एकमेकांत मिसळून सलग ओढ तयार होते. जोर वाढवायचा तर आणखी पथकं कामाला लागतात, आधी छोटी आणि मग मोठी. चहाचा कप आणि गॅसचा सिलिंडर एकाच हाताने उचलता येतात ते यामुळे.

पायरी ३ : बोटांनी आतलं यंत्र बनवा

दोन्ही हातांची बोटं पसरून समोरासमोर धरा आणि एका हाताची बोटं दुसऱ्याच्या फटींत सरकवा. बोटं तेवढीच राहिली, पण दोन्ही तळव्यांमधलं अंतर कमी झालं. स्नायूचं आकुंचन नेमकं असंच होतं. प्रत्येक तंतूच्या आत त्याहून बारीक धागे, म्हणजे तंतुक, असतात. जाड असतात मायोसिन या प्रथिनाचे आणि बारीक असतात ॲक्टिन या प्रथिनाचे. कुठलाही तंतुक आखूड होत नाही, ते एकमेकांत सरकतात.

हे १९५४ च्या मे महिन्यात 'नेचर' नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन जोड्यांनी मांडलं. एकीकडे अँड्र्यू हक्स्ली आणि रॉल्फ निडरगेर्के, दुसरीकडे ह्यू हक्स्ली आणि जीन हॅन्सन. दोन्ही हक्स्लींचं एकमेकांशी नातं नव्हतं. पहिल्या जोडीने बेडकाचा जिवंत तंतू सूक्ष्मदर्शकाखाली आखडताना पाहिला. त्यावरचा गडद पट्टा होता तेवढाच राहिला, फिकट पट्टा मात्र अरुंद झाला. सगळा उलगडा या निरीक्षणातून झाला.

दोन फिकट पट्ट्यांच्या मध्यरेषांमधला जो तुकडा, तो सार्कोमिअर. त्याची लांबी सुमारे २.२ मायक्रोमीटर. १० सेंटिमीटर लांबीच्या तंतूत असे जवळपास ४५ हजार तुकडे एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येक तुकडा अर्धा मायक्रोमीटर आखडला तरी अख्खा तंतू दोन सेंटिमीटरहून जास्त आखडतो. कोपर दुमडायला तेवढं पुरतं, कारण स्नायू सांध्याच्या अगदी जवळ जोडलेला असतो.

हे तंतुक सरकतात कशाने? विहिरीतून दोराने पोहरा ओढून काढणारं माणूस डोळ्यांसमोर आणा. एका हाताने दोर पकडायचा, ओढायचा, सोडायचा, पुढे हात घालून पुन्हा पकडायचा. मायोसिनला अशीच असंख्य डोकी असतात. डोकं ॲक्टिनला चिकटतं, वाकतं आणि त्याला ५ ते १० नॅनोमीटर ओढतं. मग एटीपीचा, म्हणजे पेशीला शक्ती पुरवणाऱ्या रसायनाचा, नवा रेणू येऊन डोक्याला लागला की ते ॲक्टिनवरून सुटतं. तो एटीपी फुटून मिळालेल्या शक्तीने डोकं पुन्हा ताणून तयार होतं आणि पुढची जागा पकडतं.

यातली एक गोष्ट माझ्या कॉलेजच्या दिवसांत मला दोनदा वाचावी लागली होती, म्हणून तुम्हालाही थांबवते. एटीपी ओढण्यासाठी लागतो असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तो येऊन लागतो तेव्हा पकड सुटते. शक्ती नसेल तर डोकं चिकटलेलंच राहतं.

पायरी ४ : हुकूम कुठून येतो ते शोधा

गुडघ्यावर गुडघा टाकून पाय लोंबता ठेवा. वाटीखालच्या मऊ पट्टीवर घरातल्या माणसाला हाताच्या कडेने हलकेच मारायला सांगा. योग्य जागी लागलं तर पाय टुणकन पुढे उडेल. हा हुकूम मेंदूला न विचारता मेरुरज्जूतूनच फिरून आला.

चेतातंतू स्नायूला थेट चिकटलेला नसतो. मधल्या सूक्ष्म फटीत तो ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन सोडतो. ते स्नायूवरच्या ग्राहींना, म्हणजे निरोप पकडणाऱ्या रेणूंना, लागलं की स्नायूभर विजेची लहर पसरते, आत साठवलेलं कॅल्शिअम मोकळं होतं आणि ॲक्टिनवरच्या चिकटण्याच्या झाकलेल्या जागा उघड्या पडतात. कॅल्शिअमचं महत्त्व सिडनी रिंगर या लंडनच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं ते चुकून. काढून ठेवलेलं बेडकाचं हृदय त्यांच्या मिठाच्या द्रावणात छान धडधडत होतं. कारण शोधलं तर ते द्रावण शुद्ध केलेल्या पाण्याऐवजी नळाच्या पाण्यात बनवलं होतं. लंडनच्या त्या पाण्यात कॅल्शिअम होतं. शुद्ध पाणी वापरल्यावर हृदय थकत गेलं. ही गोष्ट १८८३ ची.

ही फट किती नाजूक आहे, ते आपल्या खेड्यापाड्यांत मण्यार दाखवून देते. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती रात्री चावते आणि कधीकधी चावल्याचं कळतही नाही. तिचं विष या फटीतला निरोपच बंद पाडतं. आधी पापण्या मिटू लागतात, मग गिळता येत नाही, शेवटी श्वासपटल थांबतं. हृदय मात्र चालूच असतं, कारण त्याला या फटीतून येणाऱ्या हुकमाची गरजच नसते. म्हणूनच वेळेवर व्हेंटिलेटर आणि प्रतिविष मिळालं तर माणूस वाचतो. सकाळी उठल्यावर कुणाच्या पापण्या जड होऊन मिटत असतील आणि पोटात दुखत असेल, तर दंश दिसो वा न दिसो, मांत्रिकाकडे एक मिनिटही न घालवता थेट दवाखाना गाठा.

धनुर्वातात याच्या उलट होतं. तिथलं विष मेरुरज्जूतला 'आता सोड' हा निरोप अडवतं. सगळे स्नायू एकदम ओढत राहतात आणि शरीर धनुष्यासारखं मागे वाकतं. नावच किती नेमकं आहे पाहा.

पायरी ५ : सुटण्याची किंमत

आखडलेला स्नायू सोडायचा तर मोकळं झालेलं कॅल्शिअम पुन्हा कोठारात भरावं लागतं. ते पंपाने भरावं लागतं आणि त्या पंपालाही एटीपी लागतो. म्हणजे पकड सोडवायला एटीपी आणि कॅल्शिअम परत नेऊन ठेवायलाही एटीपी.

मृत्यूनंतर एटीपी तयार होणं थांबतं, कॅल्शिअम झिरपत राहतं, डोकी चिकटतात ती सुटत नाहीत. काही तासांत शरीर ताठ होतं, पापण्या आणि जबडा आधी. घरातली जाणती माणसं लगेच डोळे मिटतात, हातपाय सरळ करतात, जबडा बांधतात, ते या अनुभवातूनच. पुढे प्रथिनांचं विघटन होऊ लागलं की ताठरपणा आपोआप जातो. उन्हाळ्यात हे सगळं लवकर घडतं.

पायरी ६ : आकुंचनाच्या तीन तऱ्हा

अर्धी भरलेली बादली उचला, कोपर दुमडत वर आणा, काटकोनात आल्यावर दहा अंक मोजेपर्यंत तशीच धरा, मग अगदी सावकाश खाली सोडा. श्वास कोंडू नका. तिन्ही वेळा बेटकुळी टणकच लागेल. वर आणताना स्नायू आखूड होत ओढत होता. धरून ठेवताना लांबी तेवढीच, ओढ मात्र चालू. खाली सोडताना तो ओढतही होता आणि लांबही होत होता. तसं नसतं तर बादली धाडकन आदळली असती.

धरून ठेवण्याची तऱ्हा अनुभवायची तर भिंतीला पाठ टेकून, गुडघे वाकवून, खुर्चीत बसल्यासारखे राहा. मिनिटाच्या आत मांड्या थरथरू लागतील. थकलेल्या पथकांच्या जागी नवी पथकं येतात आणि झटके नीट मिसळेनासे होतात, त्याचीच ही थरथर.

माझा जीव मात्र तिसऱ्या तऱ्हेत गुंतलेला आहे. लांब होत होत ओढण्यात स्नायूला सर्वांत जास्त जोर काढता येतो आणि शक्तीही कमी लागते. पण सवय नसेल तर सर्वांत जास्त इजाही यातच होते. १६४६ मीटर उंचीचं कळसूबाई चढताना दम लागतो, पण दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात त्या उतरल्यामुळे. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू प्रत्येक पावलाला ताणला जात असताना शरीराचं वजन अडवतो. त्यात सार्कोमिअर ठिकठिकाणी विस्कटतात, मग सूज आणि ठणका. हा ठणका एक ते तीन दिवसांत सर्वांत जास्त असतो. त्याचं खापर लॅक्टिक ॲसिडवर फोडलं जातं, पण ते तासाभरात निघून गेलेलं असतं. दुसऱ्या दिवशीच्या दुखण्याशी त्याचा संबंध नाही.

ट्रेकला जायचं असेल तर महिनाभर आधीपासून आठवड्यातून दोनतीनदा जिने उतरायचा सराव करा. लिफ्टने वर जा आणि चालत उतरा, असं सांगितलं की लोक माझ्याकडे चमकून बघतात. एकदा थोडी इजा होऊन भरली की पुढच्या वेळी तोच स्नायू बराच कमी दुखतो.

आता घरातल्या आजी-आजोबांकडे लक्ष द्या. खुर्चीत बसताना ते शेवटच्या वीतभर अंतरात धप्पकन पडतात का? तसं होत असेल तर लांब होत होत वजन पेलण्याची मांडीची ताकद उतरली आहे. खुर्ची भिंतीला टेकवा, शेजारी कुणीतरी उभं राहा, आणि चार अंक मोजत मोजत सावकाश बसायला सांगा. पाच वेळा, दिवसातून दोनदा. बसणं सुधारलं की जिना उतरतानाची भीतीही कमी होते. "आजी, उठायची घाई नको, बसायची तर मुळीच नको," हे वाक्य मी रोज निदान दहा वेळा म्हणते.

स्वयंपाकघरातली एक गोष्ट इथेच सांगून टाकते. कोंबडीची तंगडी गडद आणि छातीचं मांस पांढरट का? कोंबडी दिवसभर उभी राहते, चालते. तंगडीत प्राणवायू साठवणाऱ्या लाल मायोग्लोबिनने भरलेले, न थकणारे संथ तंतू जास्त असतात. छाती फक्त भुर्रकन उडी मारायला लागते, तिथे जोरदार पण लवकर थकणारे तंतू. लांब उडणाऱ्या कबुतराची छाती गडद असते. आपल्यात दोन्ही प्रकार प्रत्येक स्नायूत मिसळलेले असतात, प्रमाण कमीजास्त.

पायरी ७ : नाडीवर बोट ठेवा

अंगठ्याच्या मुळाखाली मनगटावर दोन बोटं ठेवून नाडी शोधा. आता खूप सावकाश श्वास घ्या आणि सावकाश सोडा. श्वास घेताना नाडी किंचित भरभर चालते, सोडताना मंदावते. तरुण मुलांत हे स्पष्ट जाणवतं. चेतासंस्था हृदयाला लगाम लावते आणि सैल करते, त्याचा हा स्पर्श. पण ठोका मुळात हृदयाचाच. उजव्या वरच्या कप्प्याच्या भिंतीतला पेशींचा एक पुंजका स्वतःहून ठेका धरतो आणि पेशी एकमेकींना जोडलेल्या असल्याने लहर सगळीकडे पसरते. इथे पथकं नाहीत, प्रत्येक ठोक्याला सगळ्या पेशी कामाला लागतात.

मिनिटाला ७२ ठोके धरले तर दिवसाचे लाखाच्या वर होतात. मग हृदय थकत नाही का? एका ठोक्याला ०.८ सेकंद मिळतो, त्यातला ०.३ सेकंद आखडण्यात आणि ०.५ सेकंद सुटण्यात जातो. सुटलेलं असतानाच त्यात रक्त भरतं, आणि डाव्या कप्प्याच्या जाड भिंतीला स्वतःचं रक्तही मुख्यतः त्याच वेळी मिळतं. झटके एकमेकांत मिसळून सलग आखडणं हृदयाला परवडणारं नाही, म्हणून एका लहरीनंतर पाव सेकंदभर ते दुसरा हुकूम घेतच नाही. हातापायाच्या तंतूत हा काळ एक-दोन मिलिसेकंदांचा असतो. हृदयाला पेटका येत नाही तो या पाव सेकंदामुळे.

पायरी ८ : न दिसणारे स्नायू पकडा

मंद उजेडात समोरच्या माणसाच्या एका डोळ्यावर बाजूने क्षणभर टॉर्च मारा. बाहुली आखडेल, आणि दुसऱ्या डोळ्याचीही आखडेल. टॉर्च काढला की पुन्हा मोठी होईल, पण जरा सावकाश. हे अपट्टकी स्नायू, आणि त्यांच्यातले बरेच चपळ. आतड्यातले याहून कितीतरी संथ. जेवून बराच वेळ झाला की पोटात कावळे ओरडतात ना? रिकाम्या जठरातून आतड्यापर्यंत दर दीड-दोन तासांनी आकुंचनाची एक लाट सगळं झाडून नेत जाते, बराचसा गुडगुडाट तिचाच.

या स्नायूंतही ॲक्टिन आणि मायोसिनच असतं, पण ओळीने मांडलेलं नसतं, म्हणून पट्टे दिसत नाहीत. कॅल्शिअम इथे ॲक्टिनवरचं झाकण उघडत नाही, ते मायोसिनलाच कामाला लावणारी यंत्रणा सुरू करतं. त्यामुळे सुरुवात सावकाश होते. पण एकदा पकडलं की मायोसिनची डोकी खूप वेळ चिकटून राहू शकतात, आणि तेवढीच ओढ धरून ठेवायला हातापायाच्या स्नायूच्या दहाव्या हिश्शाइतकी किंवा त्याहून कमी शक्ती पुरते. रक्तवाहिन्या जन्मभर थोड्या आवळलेल्या राहतात त्या अशा.

हेच कौशल्य उलटलं की आजार होतो. दम्यात श्वासनलिकेभोवतीचे स्नायू आवळून बसतात, इनहेलरमधलं सालब्युटामॉल त्यांना सोडवतं. रक्तदाबाची ॲम्लोडिपीन ही गोळी घराघरांत असते. ती रक्तवाहिनीच्या स्नायूत शिरणारं कॅल्शिअम अडवते. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसं दगावायची ती वेदनेने नव्हे. विषामुळे ॲड्रेनालिनसारखी रसायनं रक्तात उसळतात, रक्तवाहिन्या घट्ट आवळतात, हृदयावर असह्य ताण येतो आणि फुप्फुसात पाणी भरतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी हे रुग्णांच्या उशाशी बसून ओळखलं आणि रक्तवाहिन्या सैल करणारं प्राझोसिन हे साधं, स्वस्त औषध वापरून असंख्य जीव वाचवले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. स्नायूला सोडायला लावून जीव वाचवल्याचं याहून मोठं उदाहरण मला तरी माहीत नाही.

पायरी ९ : रात्री पोटरीत गोळा आला तर

हे सर्वांत जास्त विचारलं जातं, म्हणून शेवटी ठेवलंय. झोपेत पोटरी दगडासारखी होते आणि माणूस कळवळतो. बहुतेक वेळा स्नायूला जाणारी चेता अतिउत्साहाने हुकूम देत राहते. दिवसभर उभं राहणं, उन्हात घाम गाळून नुसतं पाणी पिणं, गरोदरपण, वाढतं वय, काही औषधं, यांत हे जास्त होतं.

पोटरी चोळत बसण्याआधी हे करा. गुडघा सरळ ठेवा आणि पायाचा चवडा स्वतःच्याच जोराने नडगीकडे ओढा. हाताने किंवा ओढणीने ओढण्यापेक्षा आधी पायानेच ओढा, कारण नडगीवरचा स्नायू ओढू लागला की मेरुरज्जू त्याच्या जोडीदाराला, म्हणजे पोटरीला, सोडायला सांगतो. पहिल्या पायरीत टेबलाशी पाहिलेली जोडी ती हीच. मग हाताची मदत घ्या आणि अर्धा मिनिट तसंच धरा. जमलं तर उभं राहून टाच जमिनीला टेकवा आणि त्या पायावर भार द्या. गोळा सुटल्यावर पोटरी हलकी चोळा, थोडी पावलं चाला. गोळे वारंवार येत असतील तर झोपण्याआधी भिंतीला हात टेकून, एक पाय मागे ठेवून, टाच न उचलता पोटरीला दोन-तीन वेळा अर्धा मिनिट ताण द्या.

एकाच पोटरीला सूज, लाली आणि ऊब असेल, तर चोळू नका, ताणूही नका. शिरेत गाठ असू शकते, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. सवय नसताना अतोनात व्यायाम केल्यावर लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, तर मोडलेल्या स्नायूतलं मायोग्लोबिन मूत्रपिंडात उतरतंय असं समजा आणि रात्र असली तरी दवाखान्यात जा.